काडीमोड, कोर्ट आणि आपला बॅरिस्टर

बाबासाहेबांचं नाव निघालं की आपली पोरं घटना म्हणतात, महाड म्हणतात, दीक्षाभूमी म्हणतात. हा माणूस पोटासाठी काय करायचा, असं मी आमच्या रिंग खात्यातल्या पाचसहा जणांना विचारलं. एक म्हणाला प्रोफेसर. एक म्हणाला मंत्री. वकील हे एकानंच सांगितलं, आणि तेही 'बॅरिस्टर होते की' असं, जणू ती नुसती नावापुढं लावायची गोष्ट. त्यांनी कुणाच्या केसेस लढवल्या, फी मिळायची का, कोर्टात त्यांना कोण काम द्यायचं, याचा पत्ता कुणालाच नाही. मलाही नव्हता. चांगदेव खैरमोडे आणि धनंजय कीर यांचे ग्रंथ आणि सरकारनं छापलेले जाड खंड, असं पाळी सुटल्यावर वाचत गेलो. इंग्रजी खंड डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचले. हा लेख त्यातून आणि आमच्या घरातल्या एका भानगडीतून आला आहे.

माझा मुद्दा आधीच सांगतो. नवराबायको, सोडचिठ्ठी, पोटगी, पोरीचा वाटा यांचा कायदा आज ज्या रूपात आहे त्याच्या मुळाशी एक वकील आहे. तो वकील कसा घडला हे बघितल्याशिवाय तो कायदाही कळत नाही. आणि त्या कायद्यात आपल्या बायांची जी जुनी रीत अडकून पडली आहे, तीही सुटत नाही.

वकील होण्यासाठी बाबासाहेबांनी १९१६ साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव घातलं. ही इन म्हणजे बॅरिस्टरांची जुनी संस्था. तिथला एक नियम वाचून मला हसू आलं आणि मग हसू गेलं. परीक्षा तर द्यायचीच, पण तिथल्या भोजनगृहात बसून ठराविक वेळा जेवायचं. त्याशिवाय टर्म भरत नाही आणि बॅरिस्टरी मिळत नाही. ज्याच्या जातीला गावच्या पंगतीत पत्रावळ मिळत नव्हती, ज्याला शाळेत पाणी वरून ओतत होते, त्या माणसाला इंग्रजांच्या पंगतीला बसून वकील व्हायचं होतं! एरवी लंडनात तो अर्धपोटी राहून अभ्यास करत होता, हे निराळं.

ते सुद्धा एका दमात झालं नाही. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली, १९१७ ला परत यावं लागलं. बडोद्याच्या नोकरीत राहायला जागा मिळाली नाही, ती गोष्ट तुम्हाला तोंडपाठ आहे. मग मुंबईला सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्रानं कर्ज दिलं, आणि १९२० ला पुन्हा लंडन. १९२२ साली बॅरिस्टर झाले. १९२३ च्या एप्रिलात मुंबईला आले तेव्हा नावापुढं जगातल्या पदव्या होत्या आणि हायकोर्टाची सनद काढायला खिशात पैसा नव्हता. तो भथेनांनीच दिला. परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांतून हा बॅरिस्टर हायकोर्टात जायला लागला. (त्याच १९२३ साली बायांनाही वकिली करता येईल असा कायदा देशात झाला. तोवर बाईच्या संसाराचा निकाल लावणाऱ्या कोर्टात बोलणारे सगळे बाप्ये.)

आता मुंबई हायकोर्टाची रचना समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यात आहे. हायकोर्टाच्या दोन बाजू. एक ओरिजिनल साइड, म्हणजे मुंबई शहरातले मोठे दावे. व्यापारी, पेढ्या, गिरणीमालक, ट्रस्ट. तिथं अशील थेट बॅरिस्टरकडं जाऊ शकत नसे. मधे सॉलिसिटर, ज्याला जुने लोक अटर्नी म्हणत. कागद तो तयार करणार आणि कुठल्या बॅरिस्टरला ब्रीफ द्यायचं ते तोच ठरवणार. जुन्या मुंबईच्या गिरण्यांत जॉबर असायचा. तुला कितीही चांगलं काम येऊ दे, जॉबरनं हात वर केल्याशिवाय बदली लागत नसे. सॉलिसिटर म्हणजे काळ्या कोटातला जॉबर. आणि महाराच्या पोराला ब्रीफ देईल असा जॉबर तेव्हाच्या मुंबईत नव्हता. ज्याच्या हातचा चहा चालत नाही, त्याच्या हातात लाखाचा दावा कोण देतो? कायद्यानं दार उघडं होतं, आतली कडी लावलेली होती. अस्पृश्यता फक्त पाणवठ्यावर असते असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लिहून ठेवावं.

दुसरी बाजू अपेलेट साइड. जिल्ह्याजिल्ह्यांतून, तालुक्यांतून आलेली अपिलं. इथं सॉलिसिटरची गरज नाही. खेड्यातला माणूस धोतराला गाठ मारून कागदांचं गाठोडं घेऊन सरळ वकिलाच्या दारात येतो. बाबासाहेबांनी वकिली केली ती इथं. पैसा कमी. पण गावाकडचा हिंदुस्थान कोर्टात येतो तो याच दारानं. जमिनीच्या वाटण्या, दत्तक, वारसा, विधवेचा हक्क यांचा तिथं भरणा. मला असं वाटतं, आणि हे माझं मत आहे, की सॉलिसिटरांनी त्यांना वर घेतलं असतं तर मुंबईला एक श्रीमंत बॅरिस्टर मिळाला असता आणि बायांचा वकील हुकला असता.

वकिलीवर घर चालत नव्हतं. म्हणून १९२५ ते २८ बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. मग सरकारी लॉ कॉलेजात प्रोफेसर, आणि १९३५ ला त्याच कॉलेजचे प्रिन्सिपॉल. मधल्या काळात परळच्या दामोदर हॉलमधल्या कचेरीत बसून गोरगरिबांचे कागद बघायचे. १९२६ साली पुण्यात 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून जेधे, जवळकर वगैरे ब्राह्मणेतर मंडळींवर अब्रूनुकसानीची केस झाली, ती बाबासाहेबांनी अपिलात सोडवली. चवदार तळ्याचा दावा तर दहा वर्षं चालला आणि १९३७ च्या मार्चमध्ये हायकोर्टात आपल्या बाजूनं संपला. हे आपल्याला ठाऊक असतं. कमी ठाऊक असतं ते रघुनाथ धोंडो कर्व्यांचं. संततिनियमन आणि स्त्रीपुरुषसंबंध यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ ला त्यांच्या बाजूनं उभे राहिले बाबासाहेब. केस हरले, कर्व्यांना दंड झाला. सगळा पांढरपेशा समाज नाक धरून बसला होता तेव्हा एका ब्राह्मणाच्या मासिकासाठी आपला माणूस भांडत होता, आणि तेही बाईला नको असलेलं पोर नको म्हणता यावं या गोष्टीसाठी. गोलमेज परिषद, पुणे करार सगळं होऊन गेलेलं. केस नाकारली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं.

यात आमच्या धंद्यातली एक गोष्ट येते. १९२८ साली मुंबई कौन्सिलात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची पगारी रजा देणारं बिल आलं. मालकांचे लोक म्हणत होते, धंदा बुडेल. बाबासाहेब बोलले ते असं, की बाईला बाळंतपणात विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि जो मालक तिच्या कामाचा फायदा घेतो त्यानं त्याचा भार निदान काही अंशी सोसलाच पाहिजे. १९२९ ला मुंबईचा तो कायदा झाला. आज आमच्या गिरणीत बायांना रात्रपाळीला घेतात, पण पोट दिसायला लागलं की कंत्राटदार हजेरीतून नावच काढतो. कायदा आहे, नाव नाही. असो, तो वेगळा लेख होईल.

आता कुटुंबाच्या कायद्याकडं येऊ. पण त्यासाठी शंभर वर्षं मागं जावं लागतं, नाहीतर बाबासाहेबांनी काय उचललं ते दिसणार नाही.

पेशवाई बुडाली, इंग्रज आले. १८२७ साली मुंबई इलाख्यात नियम झाला, की दाव्यात आधी त्या मुलखाचा रिवाज बघायचा आणि मग धर्मशास्त्र. एल्फिन्स्टननं आर्थर स्टील नावाच्या साहेबाकडून दख्खनच्या जातींचे रिवाज लिहून घेतले, ते त्याच साली पुस्तक होऊन निघालं. कागदावर हे बरं होतं. कारण आपल्या लोकांत, कुणब्यांत, माळ्यांत, कोळ्यांत बाई म्हणजे जन्माची खुंटीला बांधलेली नव्हती. नवरा मेला तर पाट, म्होतूर. नवऱ्याशी पटलं नाही तर पंचांसमोर काडी मोडायची, फारकत घ्यायची, दुसरा संसार मांडायचा. वरच्या जाती यालाच हलकेपणा म्हणत होत्या. ज्या घरात काडीमोड होते ते घर खालचं, आणि ज्या घरात आठ वर्षांच्या विधवेचं डोकं भादरतात ते घर वरचं. अशी ती मोजपट्टी.

मी काडीमोडीची आरती करत नाही. पंच सगळे पुरुष असत. दंड, जेवण, दारू बाईच्या बापाच्या बोडक्यावर. पुष्कळ जातींत दुसऱ्या नवऱ्यानं पहिल्याला लग्नाचा खर्च फेडायचा, म्हणजे बाईची किंमत ठरायचीच. पोरं बापाकडं. पण दार होतं. अरुंद असेल, त्यातून वाकून जावं लागत असेल, पण होतं.

कोर्टानं ते दार बघितलं आणि त्याला भोकसुद्धा म्हणायला तयार झालं नाही. १८६४ साली मुंबई हायकोर्टापुढं गुजरातेतल्या कोळी जातीचं प्रकरण आलं. बाई रूपा तिचं नाव. जातीच्या रिवाजानं तिनं पहिला नवरा सोडून करसन गोजाशी घर केलं होतं. रिवाज असा की नवऱ्याची संमती नसली तरी चालतं. कोर्ट म्हणालं, असला रिवाज नीतीच्या विरुद्ध, तो आम्ही मानणार नाही. बाईवर दोन लग्नं केल्याचा गुन्हा, गड्यावर व्यभिचाराचा. जातीत जे लग्न होतं ते कोर्टात गुन्हा झालं.

दुसरं उदाहरण आणखी वाईट, कारण ते सुधारणेच्या नावानं झालं. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा आपण शाळेत गोडीनं शिकतो. त्या कायद्याचं दुसरं कलम शाळेत कुणी शिकवत नाही. विधवेनं पुनर्विवाह केला की मेलेल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क गेला, असं त्यात होतं. हा कायदा ज्यांच्यात विधवेचं लग्न होत नव्हतं त्यांच्यासाठी. पण ज्यांच्यात पाट पिढ्यान्‌पिढ्या चालत होता त्या जातींच्या विधवांनाही हे कलम लागू, असं मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचनं १८९० नंतरच्या दशकात ठरवलं. अलाहाबादच्या हायकोर्टाचं मत उलटं होतं, तिथं रिवाजाला मान होता. आपल्याकडं मात्र शूद्र विधवेच्या हातातलं दोन एकर गेलं, आणि ते ब्राह्मण विधवेला मोकळं करायच्या कायद्यानं. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण जो कायदा वरच्याचं घर बघून शिवला जातो, तो खालच्याच्या अंगावर असाच बसतो.

आणि रखमाबाई. सुतार जातीची. या जातीत विधवेचा पुनर्विवाह चालत होता, तिच्या आईनंच दुसरं लग्न केलेलं. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या नवऱ्याकडं नांदायला ती गेली नाही म्हणून दादाजी भिकाजीनं १८८४ ला दावा लावला. पिन्हे न्यायाधीशानं १८८५ ला दावा फेटाळला. अपिलात प्रकरण उलटलं आणि १८८७ ला हुकूम झाला, नवऱ्याकडं जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग. शेवटी १८८८ ला दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली. यातली गंमत अशी, की बायकोला ओढून नांदवायचा दावा हिंदूंच्या शास्त्रात नव्हताच. तो इंग्रजांच्या धर्मकोर्टांतून आला होता. पण टिळकांसकट सगळे सनातनी त्यासाठी धर्म बुडाला म्हणून ओरडत होते.

तर कुटुंबाच्या कायद्याची ही अशी शिवण. वरून शास्त्र, खालून इंग्रजी अस्तर, आणि आपला रिवाज कापून फेकलेला.

न्यूयॉर्कला कोलंबियात असताना, ९ मे १९१६ ला, पंचवीस वर्षांच्या भीमरावानं जातीवर एक निबंध वाचला. माझ्याच वयाचा होता म्हणायचा. त्यात सगळ्यांना शिवाशिव, रोटीबंदी, धंदे यांतून जात समजावून सांगायची सवय. यानं सांगितलं, जातीचा जीव जातीतच लग्न करण्यात आहे. आणि बंद जातीत बायका आणि पुरुष यांची संख्या सारखी ठेवायची तर नवरा मेलेल्या बाईचं करायचं काय, हा प्रश्न येतो. म्हणून तिला जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेलेल्या पुरुषाला जातीतलीच बायको मिळावी म्हणून पोरीचं लग्न लहानपणी लावा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ह्या तीन वेगवेगळ्या वाईट चाली नाहीत, जातीचं कुलूप लावायच्या त्या तीन किल्ल्या आहेत. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रपाळी होती, आणि पहाटे चारला बॉबिन बदलताना माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. म्हणजे बाईचा कायदा बदलणं हे जातीच्या बाजूचं काम नव्हे, तेच जातीच्या मुळावरचं काम आहे. ग्रेज इनमध्ये नाव घालायच्या सहा महिने आधी त्यांना हे कळलेलं होतं.

१९४७ ला कायदामंत्री झाल्यावर हे हिंदू कोड त्यांच्या टेबलावर आलं. बिल त्यांचं एकट्याचं नव्हतं. १९४१ पासून बी. एन. राव यांची कमिटी मसुदा करत होती. पण ९ एप्रिल १९४८ ला ते सिलेक्ट कमिटीकडं गेलं आणि बाबासाहेबांच्या हाताखालून निघालं तेव्हा त्याला दात आले होते. पोरीचा वाटा मसुद्यात पोराच्या निम्मा होता, तो कमिटीनं बरोबरीचा केला. विधवेला मिळकत फक्त जगेपर्यंत नव्हे, पूर्ण मालकीची. एक बायको असताना दुसरी नाही. घटस्फोट. वेगळी राहणाऱ्या बायकोला पोटगी. जातीबाहेर लग्न केलं तरी ते लग्नच. सिलेक्ट कमिटीकडं बिल गेल्यावर सहाच दिवसांनी, १५ एप्रिलला, बाबासाहेबांनी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ती सारस्वत ब्राह्मण. त्यांचं पहिलं लग्न, रमाईशी, विद्यार्थी असताना भायखळ्याच्या मासळी बाजारात रात्री लागलेलं. कायदा करणाऱ्याच्या एका आयुष्यात लग्नाच्या कायद्याची दोन्ही टोकं आली.

सभागृहात काय चाललं ते सरकारी खंड १४ मध्ये आहे, दोन भाग, हजारावर पानं. मी सगळं वाचलं असं सांगत नाही. पण घटस्फोटावरचं वाचा. विरोधक म्हणत होते, हिंदू लग्न हा संस्कार आहे, तो मोडत नाही. बाबासाहेबांनी वकिलासारखा एकच आकडा टेबलावर ठेवला. शूद्र म्हणवल्या जाणाऱ्या जातींत रिवाजानं घटस्फोट आहे, आणि हिंदूंत त्यांचीच संख्या शंभरात नव्वद. मग हिंदूंचा कायदा कुणाचा धरायचा, दहांचा का नव्वदांचा?

ह्या जागी मी पुस्तक मिटून बसलो. शंभर वर्षं कोर्टं ज्या काडीमोडीला अनीती म्हणत आली, ती काडी हा माणूस दिल्लीच्या सभागृहात हातात धरून उभा होता. आमच्या आज्यांची लाज त्यानं पुराव्यात लावली. अपेलेट साइडला वीसेक वर्षं काढलेला वकीलच हे करू शकतो. त्याला ठाऊक असतं की खेड्यातला रिवाज हा पुरावा असतो, नुसती गोष्ट नसते.

पुढचं ठाऊक आहे. करपात्री महाराजांचे मोर्चे आले. पट्टाभींसारखे काँग्रेसवाले विरोधात. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी सही अडवायची भाषा केली. हंसा मेहता, रेणुका राय, दुर्गाबाई बिलाच्या बाजूनं बोलल्या, पण मोजक्या. १९५१ च्या सप्टेंबरात चार कलमं पास होऊन बिल गुंडाळलं गेलं आणि २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. कारणं आणखी होती, पण हे मोठं होतं. मंत्रिपद सोडायला माणसं भत्ते बघतात. ह्यानं बायांच्या बिलासाठी सोडलं, आणि त्यातल्या बहुसंख्य बाया त्याला शिव्या देणाऱ्या घरातल्या.

नंतर नेहरूंनी त्याच बिलाचे तुकडे करून कायदे केले. १९५५ ला विवाह कायदा, १९५६ ला वारसा, पालकत्व, दत्तक आणि पोटगी. वारशात वडिलार्जित एकत्र मिळकतीचा जन्मसिद्ध हक्क पोरांकडंच ठेवला. तो पोरींना मिळायला २००५ साल उजाडलं, आणि बाप आधीच मेला असला तरी हक्क आहे हे सुप्रीम कोर्टानं २०२० ला सांगितलं. रखमाबाईला ज्यावर तुरुंग दाखवला तो नांदवायचा दावा १९५५ च्या कायद्यात कलम ९ म्हणून आला, अजून आहे. आणि काडीमोड? तीही आहे. कलम २९, पोटकलम २. रिवाजानं मिळणारा घटस्फोटाचा हक्क या कायद्यानं जात नाही, असं तिथं लिहिलं आहे. एक ओळ.

आता घरातली भानगड.

माझ्या आक्काला पहिल्या घरी मारहाण होती. तीन वर्षं सोसलं. मग दोन्हीकडची वडीलधारी विहारात बसली, स्टँपपेपरवर फारकतनामा झाला, पाच जणांच्या सह्या, दोन अंगठे, नोटरीचा शिक्का. दोन वर्षांनी तिचं दुसरं लग्न झालं. दाजी चांगले होते. ट्रकवर क्लीनर होते, अपघातात गेले. नुकसानभरपाईचा आणि खोलीचा प्रश्न आला तशी दिरांनी वकील गाठला. त्यांचं म्हणणं एवढंच, पहिल्या नवऱ्याशी हिचा घटस्फोट झालेलाच नाही, कोर्टाचा हुकूम दाखवा. म्हणजे दुसरं लग्न रद्द. म्हणजे ही आमच्या भावाची बायको नव्हेच.

आम्ही तालुक्याला एका वकिलाकडं गेलो. कलम २९ मी पाठ करून गेलो होतो. तो म्हणाला, कलम बरोबर आहे. पण रिवाज आहे हे जो म्हणतो त्यानं सिद्ध करायचं. कोर्ट आपणहून धरत नाही. (हे खरं आहे, सुप्रीम कोर्टानं २००२ ला एका कर्नाटकच्या प्रकरणात तसंच सांगितलं आहे.) मग त्यानं विचारलं, रिवाज कुठल्या जातीचा? दाखल्यावर तर तुम्ही बौद्ध लिहिलंय. बौद्धांत काडीमोडीचा रिवाज आहे का? किती जुना?

काय सांगणार? १९५६ ला दीक्षा घेतली तेव्हा आबांनी देव नदीत सोडले, रिवाज सोडले, पाट हा शब्दसुद्धा घरातून गेला. आम्ही म्हार म्हणून जगायचं नाकारलं त्याचा अभिमान आहे. आणि विवाह कायद्यात हिंदू या शब्दात बौद्धही धरले आहेत, म्हणजे कायद्यापुढं आम्ही तिथं हिंदूच. कायद्यापुढं हिंदू, धर्मानं बौद्ध, रिवाज सिद्ध करायला पुन्हा म्हार. आय बाकावर बसून ऐकत होती. ती वकिलाला म्हणाली, ''सायेब, पाच माणसं बसली हुती, मी हुते, समद्यांनी बघितलं. कोर्टाला ते दिसत न्हाई व्हय?''

नाही दिसत. १८६४ ला दिसलं नव्हतं, तेव्हा कारण अनीतीचं होतं. आता कारण पुराव्याचं आहे.

काही मित्र म्हणतील, मग बाबासाहेबांच्या कायद्याचा काय उपयोग झाला? हे मला पटत नाही. त्यांनी घटस्फोट कोर्टात आणला तो पंचांच्या हातातून बाईला काढायला. पोटगी, मालकी, एकच बायको हे कुठल्या पंचायतीनं दिलं नव्हतं. १९७६ पासून दोघांच्या संमतीनं अर्ज करून घटस्फोट घेता येतो. आक्काचा तसा झाला असता, पहिला नवरा सही द्यायला तयारच होता. बाईला आणि अनुसूचित जातीच्या माणसाला १९८७ च्या कायद्यानं सरकारी खर्चानं वकील मिळतो, तालुक्याच्या कोर्टातच त्याची कमिटी असते. विहारात बसलेल्या सातजणांपैकी हे एकालाही माहीत नव्हतं. त्यांत दोन मास्तर होते. आपण जयंतीला डीजे लावतो त्या पैशात असला एक वकील गल्लीत बोलावून तासभर बसवता येतो, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

आक्काचा दावा चालू आहे. वकिलानं सांगितलं आहे, जुने कागद आणा, जुनी माणसं आणा. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तुमच्या वस्तीत अशी फारकत झाली, त्या बाईनं पुढं लग्न केलं, तिच्या पोरांना वारसा मिळाला, असं एकाहून जास्त वेळा दिसलं पाहिजे. म्हणून मी आता रविवारी आसपासच्या गावांतून फिरतो आहे. तीन कागद मिळाले. एक १९६१ चा आहे, चार आण्याच्या स्टँपावर, मोडीत सही. एक आजी भेटल्या, त्यांची स्वतःची फारकत दीक्षेनंतर दोन वर्षांनी झालेली, आणि त्या कोर्टात येऊन बोलायला तयार आहेत. ऐकायला कमी येतं, पण तारीख-वार पक्के.

ज्यांच्या घरी ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या जागी, कौलाखाली असले फारकतनामे असतील त्यांनी ते फाडू नयेत, लाज म्हणून जाळू नयेत. झेरॉक्स काढावी, गाव आणि साल मागं पेन्सिलीनं लिहावं, आणि संपादकांकडं द्यावं. मी सोमवारी सुट्टी असली की घेऊन जाईन.